हिंगोलीहून वाचलेले शैक्षणिक धोरण

शैक्षणिक धोरण चांगले की वाईट हे ठरवताना आपण बहुधा त्याचा मसुदा वाचतो, दोन-चार भाषणे ऐकतो आणि मत बनवतो. आम्ही या वेळी थोडी वेगळी पद्धत वापरून पाहिली. हिंगोली जिल्ह्यातली एक मुलगी कल्पनेत घेतली आणि तिचे बोट धरून धोरण वाचले. ही मुलगी जून २०२० मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत दाखल झाली. त्याच वर्षी २९ जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मान्यता दिली. त्या दिवशी तिची शाळा करोनामुळे बंद होती. पहिलीचा वर्ग तिने पाहिलाच नाही असे म्हटले तरी चालेल, आणि दुसरीचाही निम्माअधिक असाच गेला.

पुढचा हिशेब सोपा आहे. तिची दहावीची परीक्षा मार्च २०३० मध्ये येते. शालेय शिक्षणात शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट धोरणाने २०३० सालासाठीच ठेवले आहे. आणखी एक गोष्ट त्याच वर्षाच्या आसपास व्हायची आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, सुमारे २,६०० कोटी रुपये खर्च, ६ एप्रिल २०२३ रोजी मंत्रिमंडळाची मान्यता. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका लांबीतला बदल तिथे मोजला जाणार. ही जागा निवडण्याचे एक कारण असे की तिथली जमीन शांत आहे, मोठी वाहतूक आणि कारखान्यांची धडधड लांब आहे. शाळेच्या दृष्टीने जो आडवळणीपणा दोष ठरतो, तोच वेधशाळेच्या दृष्टीने गुण ठरला!

आमच्या मुलीला या वेधशाळेच्या फाटकातून आत कोणत्या नात्याने जाता येईल, हा प्रश्न मनात ठेवून आम्ही धोरण वाचायला घेतले.

प्रथम धोरणाच्या पदरात जे माप टाकायला हवे ते टाकू. प्राथमिक शाळेतल्या पाच कोटींहून अधिक मुलांना साधे वाचन-लेखन आणि बेरीज-वजाबाकी येत नाही, ही गोष्ट या दस्तऐवजाने स्वच्छ शब्दांत कबूल केली आहे. सरकारी कागदावर अशी कबुली सहसा सापडत नाही. तीन ते आठ या वयाचा एक सलग टप्पा मानून अंगणवाडी आणि पहिली-दुसरी यांची सांगड घालणे हेही बालमानसशास्त्राला धरून आहे. मुलाचा मेंदू पहिलीच्या पहिल्या घंटेला सुरू होत नाही, हे अंगणवाडीताईंना धोरणाआधीपासून ठाऊक होते. पण निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झाले ते २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता-मोजता यावे म्हणून. आमची मुलगी २०२२-२३ मध्ये तिसरीत होती. अभियान वेग घेईपर्यंत ती पुढच्या वर्गात गेली.

अभ्यासक्रमाचेही तसेच. महाराष्ट्रात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीला लागू झाला. १६ एप्रिल २०२५च्या शासननिर्णयात जे वेळापत्रक दिले होते त्यानुसार २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. २०२७-२८ मध्ये पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी. २०२८-२९ मध्ये आठवी, दहावी आणि बारावी असा क्रम होता. हा निर्णय भाषेच्या वादात पुढे मागे घेतला गेला, त्याकडे आपण येऊच. पण वेळापत्रक तेच धरले तर काय होते ते वाचकांनी कागदावर मांडून पाहावे. आमची मुलगी सहावी, सातवी, आठवी जुन्या पुस्तकांवर काढते आणि नववीत एकदम नव्या अभ्यासक्रमात जाऊन पडते. नववीचे नवे पुस्तक लिहिणारे लेखक आठवीपर्यंतचे नवे पुस्तक गृहीत धरतील, आणि ते तिने उघडलेलेच नसेल. ज्या पिढीची सुरुवात बंद शाळेत झाली, तिलाच ही फट ओलांडायची आहे. यासाठी एखादी सेतू-पुस्तिका काढणे मुळीच कठीण नाही. पण ही फट कोणाला तरी आधी दिसली पाहिजे.

आता शाळेकडे वळू. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७७,३४५. त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत, वाड्यांवर, तांड्यांवर राहणारे. अशा वस्तीत शाळा लहान असते. दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता. एक शिक्षक माहिती भरायला किंवा प्रशिक्षणाला गेला की सगळ्या इयत्ता एका खोलीत. आमच्यापैकी काहींनी असे वर्ग घेतले आहेत. पहिलीला अक्षरे गिरवायला द्यायची, तिसरीला फळ्यावरची उदाहरणे, आणि मग चौथीला ‘पदार्थाच्या अवस्था’ शिकवायला उभे राहायचे. बर्फाचे पाणी होईपर्यंत पहिलीतले कोणीतरी रडत येतेच.

या परिस्थितीबद्दल धोरण काय म्हणते? सातव्या प्रकरणात लहान शाळांचे वर्णन आहे. एक शिक्षक अनेक इयत्ता आणि स्वतः न शिकलेले विषयही शिकवतो, साहित्य नसते, प्रयोगशाळा नसते, हे वर्णन बरोबर आहे. आकडेही आहेत: देशात एकशिक्षकी शाळा १,०८,०१७. आणि उपाय असा की २०२५ पर्यंत राज्यांनी शाळांचे गट करावेत किंवा त्यांचे सुसूत्रीकरण करावे. एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या सर्व लहान शाळा व अंगणवाड्या मिळून एक शाळासंकुल. कल्पना जुनी आहे. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने ती मांडली होती, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. महाराष्ट्राला तर ती नवीनही नाही. १९९४ पासून आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आहेत. त्याच सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात तेव्हाचा परभणी जिल्हा होता, म्हणजे आजचे हिंगोलीही होते. गटसंमेलने, साहित्यनिर्मिती, आनंददायी शिक्षण हे सगळे इथल्या शिक्षकांनी पाहिले आहे. त्या तीस वर्षांत केंद्रशाळेने काय साधले, काय साधले नाही, केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या का राहिल्या, त्यांचा वेळ अध्यापनाला मदत करण्यात गेला की अहवाल गोळा करण्यात, याचा हिशेब मांडल्याशिवाय संकुलाचा नवा फलक लावण्यात काय अर्थ आहे? प्रयोगशाळेत आपण मुलांना सांगतो की पहिल्या प्रयोगाचे निरीक्षण लिहिल्याशिवाय दुसरा सुरू करू नका.

‘गट करावेत किंवा सुसूत्रीकरण करावे’ यातल्या दोन क्रियापदांपैकी प्रशासनाच्या हाताशी कोणते आले, हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा विकसित करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. नंतर १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या निकषांवर शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतले, त्यांचाही रोख लहान शाळांतल्या वरच्या वर्गांना शिक्षक उरणार की नाही याकडेच होता. दुसरीकडे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावेच लागतात, आणि महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. इथे एक गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे. एक किलोमीटरच्या शाळेसाठी पालक न्यायालयात जाऊ शकतो. धोरणातल्या संकुलात संगीत-शिक्षक आला नाही म्हणून जाऊ शकत नाही. त्यामुळे धोरणाच्या नावाने कायद्यातला हक्क पातळ होत असेल तर तो व्यवहार तोट्याचा आहे, मग संकुलाचे चित्र कितीही देखणे असो.

तांड्यावरची शाळा बंद करून मुलांना गाडीने मोठ्या शाळेत नेले तर त्यांना प्रयोगशाळा मिळेल, असे म्हटले जाते. मिळेलही. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गाडी कुठे थांबते? आणि ज्या दिवशी गाडी येत नाही त्या दिवशी कोण घरी राहते? मुलगी. आपल्याकडे मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या आहेत, आणि त्यांनी मोठे काम केले आहे. पण ते पाचवीच्या पुढच्या मुलींसाठी. सहा वर्षांच्या मुलीला रोज गाडीत बसवून पाठवायला तिची आई धजेल का, हे धोरणाच्या प्रकरणात सापडत नाही.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. बहुवर्ग अध्यापन हा केवळ एक आजार आहे असे धोरण मानते. ते एक कौशल्यही असू शकते. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात १९७०च्या दशकात ‘एस्कुएला नुएव्हा’ म्हणजे नवी शाळा ही चळवळ सुरू झाली ती डोंगरातल्या एक-दोन शिक्षकी शाळांतच. मुलांनी स्वतः वाचून करायच्या कृतिपुस्तिका, लहान गट, मोठ्यांनी लहानांना शिकवणे, आणि प्रत्येकाने आपल्या गतीने पुढे जाणे, हे तिचे गाभ्याचे सूत्र. आपल्याकडे आंध्रातल्या ऋषिव्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने अशाच शाळांसाठी कार्डांचा संच तयार केला आणि तो अनेक राज्यांत गेला. म्हणजे दोन शिक्षकांची शाळा चांगली चालवता येते. मात्र त्यासाठी तशी पुस्तके लागतात आणि डी.एड.ला बहुवर्ग अध्यापनाची सक्तीची तासिका लागते. आपली पाठ्यपुस्तके अजून ‘एक इयत्ता, एक खोली, एक शिक्षक’ गृहीत धरून लिहिली जातात.

हे कसे करता येईल याचा एक नमुना हिंगोलीच्या मातीतलाच घेऊ. वसमतची हळद प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते, शिजवली जाते, खळ्यावर वाळते. एकाच खोलीत चार इयत्तांचा धडा घ्या. पहिली-दुसरीची मुले जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतील, मोजतील, दहा-दहाचे ढीग लावतील. तिसरीची मुले शिजवलेले अर्धा किलो हळकुंड रोज तराजूत घालून वजन लिहितील. चौथीची त्याचा आलेख काढतील. वजन रोज सारखेच कमी होत नाही, आधी झपाट्याने आणि मग हळूहळू, हे त्यांना रेघेच्या वाकण्यात दिसेल. दहा-पंधरा दिवसांनी अर्ध्या किलोचे शंभर ग्रॅमच्या आसपास उरेल, आणि बाकीचे गेले कुठे हा प्रश्न बाष्पीभवनाच्या व्याख्येपेक्षा पुष्कळ चांगला आहे. पाचवी असेल तर तिने कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून सुकवाव्यात आणि त्यांवर साबणाचे पाणी, चुन्याची निवळी, लिंबाचा रस टाकून पाहावा. साबण आणि चुन्याने पट्टी लालसर होते. लिंबाने पुन्हा पिवळी. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची रीत आजीला ठाऊक असते, तिलाही एक दिवस वर्गात बोलवावे. दर्शक, आम्ल, अल्क हे शब्द नंतर आले तरी बिघडत नाही.

धोरणाला असे शिक्षण हवेच आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. सहावी ते आठवीत केव्हातरी दहा दिवस दप्तराविना काढून सुतार, माळी, कुंभार अशांकडे काम शिकावे, अशी तरतूद आहे. पण तीन वर्षांत दहा दिवस! ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला तेव्हा हस्तोद्योग हा साऱ्या शिक्षणाचा कणा होता. कोठारी आयोगाने त्याचा कार्यानुभव केला, आणि तो वेळापत्रकातल्या शेवटच्या तासाला जाऊन बसला. आता त्याचे दहा दिवस झाले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला. त्यात आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाला दिलेला असतो: बांधकाम, वीज, शेती, आरोग्य. आठवड्याचा एक दिवस आणि तीन वर्षांतले दहा दिवस यांतला फरक शिक्षकाला समजावून सांगण्याची गरज नाही. सहलीला जाणे आणि काम शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हळदीच्या हंगामात शेतमजुराच्या मुलाला काम नव्याने शिकवावे लागत नाही, त्याने ते केलेलेच असते. त्याला हवे असते त्या कामामागचे शास्त्र आणि हिशेब. आणि ते द्यायला विज्ञान शिकलेला शिक्षक लागतो.

भाषेबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. किमान पाचवीपर्यंत, शक्य तर आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण, हे धोरणाचे कलम आम्हाला मनापासून मान्य आहे. महाराष्ट्रात मात्र त्यावरची सगळी चर्चा पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असावी की नाही यातच संपली. १६ एप्रिल आणि १७ जून २०२५चे शासननिर्णय निघाले, विरोध झाला, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्यात आली. विरोध रास्त होता. पण त्या दोन-अडीच महिन्यांत तांड्यावरच्या मुलाची आठवण फार थोड्यांना झाली. तो घरी आईला ‘याडी’ म्हणतो, भाकरीला ‘बाटी’ म्हणतो. पहिलीच्या पुस्तकातली मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. कळमनुरी भागातल्या आंध समाजाच्या मुलांची बोलीही पुस्तकासारखी नाही. म्हणजे आपण जिला पहिली भाषा म्हणतो, तिथेच काही मुलांची दुसरी सुरू होते. गोरमाटीतून मराठीत नेणारी एखादी शब्दपुस्तिका जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला सहज करता येईल, आणि ज्या शिक्षकांनी अशा वह्या स्वतःपुरत्या केल्या आहेत त्यांच्याकडूनच ती करून घ्यावी.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हा आणखी एक विषय. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी श्रेयांकांची बँक आहे; एका महाविद्यालयात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. चौथीतले मूल आई-बापांबरोबर कारखान्यावर जाते तेव्हा त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड असते, असलेच तर. दोन्हींची कल्पना एकच आहे, शिकलेले वाया जाऊ नये ही. संगणक, क्रमांक आणि पैसा मात्र एकीकडेच गेला. हंगामी वसतिगृहे वेळेवर म्हणजे दिवाळीपूर्वी सुरू झाली तर कार्डाची गरजही कमी पडेल.

उच्च शिक्षणाचे प्रकरण आम्हाला सर्वांत सुटसुटीत वाटले, आणि हिंगोलीला सर्वांत कमी लागू. पटनोंदणीचे प्रमाण २०१८ मध्ये २६.३ टक्के होते, ते २०३५ पर्यंत ५० टक्के करायचे. संलग्न महाविद्यालयांची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची. प्रत्येक संस्था बहुविद्याशाखीय, तीन हजार किंवा अधिक विद्यार्थ्यांची व्हावी. हिंगोलीतली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तालुक्याच्या गावी एखाद-दुसरे कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय असते. ती तीन हजारांपर्यंत जाणार कशी? आणि न गेल्यास त्यांचे काय होणार? लहान शाळेला लावलेली फूटपट्टीच इथे लहान महाविद्यालयाला लावली आहे. वसमतच्या किंवा सेनगावच्या मुलीला पदवी मिळते ती संध्याकाळच्या एसटीने घरी परतता येते म्हणून. नांदेडला खोली घेऊन राहण्याची परवानगी आणि पैसे या दोन्ही गोष्टी तिला मिळतीलच असे नाही.

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नवा आराखडा आला. मुख्य विषय, गौण विषय, दुसऱ्या शाखेचा विषय, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली. निवडीचे स्वातंत्र्य चांगलेच. पण निवड करायला दोन पर्याय तरी समोर हवेत. ज्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राला एक पूर्णवेळ प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे, तिथे जो विषय शिकवायला माणूस आहे तोच विद्यार्थ्याने ‘निवडलेला’ असतो. एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. शिकणे मध्येच सुटलेल्याच्या हातात काहीतरी राहते, हा तिचा गुण. मात्र मधेच कोण बाहेर पडते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर नोकरी कोण देते हेही. परत येण्याचा दरवाजा उघडा आहे, पण लग्न झालेली मुलगी त्यातून किती वेळा परत आली, याची नोंद विद्यापीठाने दरवर्षी प्रसिद्ध करावी असे आम्हाला वाटते.

पैशाबद्दल एकच वाक्य: राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे कोठारी आयोगाने म्हटले, १९६८च्या धोरणाने म्हटले, १९८६च्या धोरणाने म्हटले, आणि २०२०च्या धोरणाने ते ‘लवकरात लवकर’ गाठण्याचे ठरवले आहे.

दुधाळ्याच्या वेधशाळेला सगळीकडे पीएच.डी. झालेलीच माणसे लागतात असे नाही. निर्वात नळ्या जोडणारे, वीज आणि शीतकरण सांभाळणारे, लेसरचे आरसे हाताळणारे, संगणकावर नोंदी पाहणारे तंत्रज्ञ लागतात. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांनी आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी विज्ञानकेंद्रे चालवली आहेत. औंढ्यातल्या शाळांनी इमारत पूर्ण होण्याची वाट पाहू नये. दोन आरसे, एक अर्धपारदर्शक काच आणि एक साधा लेसर घेऊन व्यतिकरणाचे पट्टे भिंतीवर दाखवता येतात. टेबलावर नुसते बोट टेकले तरी ते हलतात. माध्यमिक शाळेत एकदा तो प्रयोग झाला की दुधाळ्याला नेमके काय चालणार आहे हे गावातल्या कोणालाही समजावून सांगता येते. (लेसरकडे थेट पाहू नये, ही सूचना फळ्यावर मोठ्या अक्षरांत आधी लिहावी.)

दप्तराविना दहा दिवसांचे पत्रक केव्हातरी आपल्या शाळेत येईल. त्यात तारखा आधीच छापलेल्या असण्याचा संभव आहे. त्याआधीच केंद्राच्या शिक्षण परिषदेत वसमत-कळमनुरीच्या शिक्षकांनी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मागून घ्यावा. तेव्हा खळ्यावर हळद असते.